आईची मुलाखत शहनाजनं घेतली

आमच्या औरंगपुऱ्यातल्या घरी कुणी अवेळी आलं की आई येसराचा डबा काढायची. येसर म्हणजे डाळी, धने, खोबरं, मिरच्या असं सगळं भाजून दळलेलं पीठ; फोडणीच्या पाण्यात सोडलं की त्याची आमटी होते. मराठवाड्यात लग्नाच्या पंगतीला ती हवीच, पण आमच्याकडे तिला लग्न लागत नसे. नातवंडांनो, तुम्हाला मी मागे त्याची पुडी पाठवली होती आणि निहारनं ती दुधात कालवून खाल्ली असं तुमच्या आईनं मला कळवलं. असो. कॉलेजातून सायकलवर परतताना गल्लीच्या तोंडाशी तो वास आला की मला कळायचं, घरी कुणीतरी आलेलं आहे. पुढे पुढे तर असंही कळायला लागलं की शहनाज आलेली आहे.

तुमच्या नकाशात हे गाव छत्रपती संभाजीनगर असं दिसेल. मी ज्या दिवसांबद्दल लिहिते आहे तेव्हा ते औरंगाबाद होतं, आणीबाणी नुकतीच उठली होती आणि मी इंग्रजी घेऊन एम. ए. करत होते. दादा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेत होते. मुलीनं इंग्रजी फाडफाड बोलावं ही त्यांची फार हौस. संध्याकाळी ऑफिसातून आले की पाय धुऊन ते खाटेवर बसायचे आणि मी त्यांना इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची. शेजारच्या घरातून शिवणयंत्राचा आवाज येत असायचा, आत स्टोव्ह फुरफुरत असायचा, आणि आई उंबऱ्याशी बसून परातीत ज्वारी निवडत असायची. तिला त्यातलं अक्षर कळत नाही असं मी धरून चालले होते, आणि ते खरंही होतं. पण माझं वाचन सुरू झालं की तिचे हात थांबायचे. मी त्याचा कधी विचार केला नाही.

त्याच सुमारास शहरात आम्ही काही मुली आणि बायका एकत्र जमायला लागलो होतो. हुंड्यासाठी छळ झालेल्या मुलीच्या बाजूनं चौकीत जाऊन बसायचं, दारूच्या दुकानापुढे घोषणा द्यायच्या, चौकात नाटुकलं करायचं, अशी आमची कामं. आमच्यात वडीलधाऱ्या म्हणजे इंदूताई. त्या कॉलेजात इतिहास शिकवत. एकदा त्या स्वातंत्र्यसैनिकांच्या सत्काराला जाऊन आल्या. आपला भाग निजामाच्या राज्यात होता आणि देश स्वतंत्र झाला तरी वर्षभर आपण पारतंत्र्यातच होतो, मग भारताचं लष्कर आत आलं, त्याला लोक पोलीस ॲक्शन म्हणतात, हे मी तुम्हाला सांगितलेलं आहे. त्या लढ्यातल्या माणसांचा तो सत्कार होता. स्टेजवर सगळे पुरुष होते, आणि त्यांच्या बायका त्यांना ओवाळायला. इंदूताई परत येऊन म्हणाल्या, ‘या ओवाळणाऱ्या बायकांना कुणी विचारलंय का, की बाई, तू तेव्हा कुठं होतीस?’ कुणीच विचारलं नव्हतं. मग आम्ही विचारायचं ठरवलं.

इंदूताईंच्या दिरानं आखातातून आणलेला टेपरेकॉर्डर होता. कॅसेटी मात्र महाग. म्हणून आमची पद्धत अशी होती की बाईचं बोलणं टेप करायचं, ते कागदावर उतरवून घ्यायचं आणि त्याच कॅसेटवर पुढच्या बाईचं बोलणं घ्यायचं. आज हे लिहिताना मी डोक्याला हात लावते. बायकांचा इतिहास जपायला निघालो आणि एकीच्या आवाजावर दुसरीचा आवाज चढवत गेलो. पण तेव्हा आम्हाला मजकूर म्हणजेच सगळं वाटायचं.

मला शिस्तीची आवड होती, ती आजही आहे, तुमची आई सांगेलच. कामाचे नियम मीच केले आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. पहिला नियम असा, की आपल्या घरातल्या बाईची मुलाखत आपण घ्यायची नाही. लेकीसमोर आई आणि सुनेसमोर सासू खरं बोलत नाही, हे आम्ही सुरुवातीलाच पाहिलं होतं. दुसरा असा, की उतरवलेलं त्या बाईला वाचून दाखवायचं, आणि ती म्हणेल ते गाळायचं. गाळलेलं पुन्हा वाचता येणार नाही असं खोडायचं. त्यावर प्रश्न विचारायचा नाही. इंदूताईंनी वाचून माझी पाठ थोपटली.

शहनाज आमच्यात त्यानंतर आली. तिच्या वडिलांचं छावणीच्या, म्हणजे शहरातल्या कँटोन्मेंटच्या, बाजारात शिंप्याचं दुकान होतं. ती उर्दू शाळेत शिकून पुढे बी. ए. झालेली. मराठी आमच्याइतकंच बोलायची, पण देवनागरी लिहायला तिला फार वेळ लागायचा. म्हणून तिनं मुलाखत घ्यायची आणि मी ती कॅसेटवरून उतरवायची असं आमचं ठरून गेलं. जोडी चांगली जमली, असं सगळ्या म्हणायच्या. मला काय वाटायचं ते आता लिहायला हरकत नाही. मी प्रश्न नीट तयार करून जायची आणि बायका मला एका ओळीत उत्तर द्यायच्या. शहनाज काहीच तयार करायची नाही. ती जाऊन बसायची, लसूण सोलायला घ्यायची, आणि बाई बोलायला लागायची. रात्री, कानाला रेकॉर्डर लावून, तिच्या कॅसेटी उतरवताना मला त्या बायकांचं हसणं ऐकू यायचं, मधेच थांबणं, नाक ओढणं. माझ्या कॅसेटींवर माझा स्वतःचाच आवाज जास्त असायचा. नियमाप्रमाणे शहनाजच्या अम्मीची मुलाखत मी घेतली. त्यांनी मला पोटभर नान खलिया खाऊ घातला आणि प्रत्येक प्रश्नाला, ‘सब अल्ला का करम है, बेटी,’ एवढंच म्हणाल्या.

माझ्या आईचं नाव यादीत घालायची कल्पना इंदूताईंची. आई पैठणची. रझाकारांच्या काळात पैठणातली बरीच माणसं गोदावरी ओलांडून पलीकडे नगर जिल्ह्यात गेली होती. तिथं निजामाचं राज्य नव्हतं. तिथल्या छावण्यांत लढणारी मंडळी राहायची. आईही आजोबांबरोबर पलीकडे गेली होती एवढं मला माहीत होतं, त्यापुढे नाही. लहानपणापासून मी कितीदा विचारलं असेल. तिचं उत्तर ठरलेलं, ‘काय करणार? भाकरी थापल्या.’ मोठी झाल्यावर, मोर्चे काढायला लागल्यावर, मी जरा आवाज चढवून विचारलं तर ती म्हणाली, ‘शके, मला लई काम पडलंय. तू तुझं मोर्च्याचं बघ.’

शहनाजनं विचारलं तेव्हा मी तिथंच होते. दोघी जमिनीवर बसून धपाटे खात होत्या; म्हणजे शहनाज खात होती आणि आई तव्यावरून काढून तिच्या ताटात टाकत होती. शहनाज आधी तिला काकू म्हणायची, मग कधी खाला, म्हणजे मावशी, म्हणायला लागली मला कळलं नाही. आईनं ते चालवून घेतलं. मला ती शके म्हणायची, चिडली की भवाने. शहनाजला मात्र बेटा. तर शहनाज खाता खाता म्हणाली, ‘खाला, नदीच्या पलीकडचं मला सांगाल का?’ आई तव्यावरचा धपाटा उलटत म्हणाली, ‘सांगते की. सोमवारी ये. दादांचं ऑफिस राहतं.’

मी आईकडे पाहत राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

सोमवारी शहनाज आली. आईनं नेसलेलं लुगडं बदलून पैठणातल्या बहिणीनं दिलेलं चांगलं लुगडं नेसलं होतं. पूर्वी मी तिला कुणा पाहुण्यासाठी दुपारचं लुगडं बदलताना पाहिलं नव्हतं. दोघी मधल्या खोलीत गेल्या आणि दार लोटलं. माझाच नियम, मी स्वयंपाकघरात. मी चहा केला आणि दाराशी ठेवला. आईनं हात बाहेर काढून तो आत घेतला. मी शेंगदाणे भाजले, कुटले, पुन्हा कुटले, चटणीचं पीठ होऊन गेलं. आतून शब्द ऐकू येत नव्हते, फक्त आईचा आवाज. तो माझ्या ओळखीचा नव्हता. घरात ती बोलायची ते तुकड्या-तुकड्यांत, सांडशी दे, नळ आला, दादांना विचार. आत ती न थांबता बोलत होती. आणि मग ती हसली. मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता. मी खलबत्ता खाली ठेवला. इतकं वाईट मला परीक्षेत दुसरा नंबर आला तेव्हाही वाटलं नव्हतं. माझी आई अशी हसू शकते आणि ते हसू दुसऱ्या कुणीतरी काढलं, या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी सहन होत नव्हत्या.

अशा बऱ्याच दुपारी गेल्या. शहनाज निघताना आई तिच्या पिशवीत काहीतरी घालायची, येसर, बोरं, एकदा तर माझ्यासाठी ठेवलेला खवा. मी गप्प राहिले, कारण माझा एक हिशेब होता. मुलाखत कुणीही घेवो, कॅसेट शेवटी माझ्याकडेच उतरवायला येणार. मी वाट पाहिली. कॅसेट आली नाही. इंदूताईंना पुढच्या मुलाखतीसाठी ती हवी होती, मी आज देते, उद्या देते करत राहिले, आणि एका दुपारी सायकल काढून थेट छावणीत गेले.

शहनाज दुकानामागच्या खोलीत बसली होती. रेकॉर्डर समोर, कागद मांडीवर. ती स्वतःच उतरवत होती. मला वाटलं, मराठी अक्षरं गिरवत असेल, मी मदत करीन. कागद पाहिला तर भाषा माझ्या आईची आणि अक्षरं उर्दू. तिनं आईचं सगळं मराठी बोलणं उर्दू लिपीत लिहिलं होतं, उजवीकडून डावीकडे, पानंच्या पानं. मला त्यातला एक ठिपका कळत नव्हता.

मी विचारलं, हे काय. ती मान खाली घालून म्हणाली, ‘खाला बोले, शकू कू नक्को देना.’

‘माझी आई आहे ती.’

‘मालूम है. इसीलिए नक्को बोले.’

मग मी खूप बोलले. तू आमच्या घरी जेवायला येतेस की चोरी करायला, असंही म्हणाले. शहनाजनं कॅसेट काढली, माझ्यासमोर धरली आणि शांतपणे विचारलं, ‘कपाटावरचा तुझ्या नियमांचा कागद फाडून टाकू का आधी? तू सांग.’ मी सायकल घेऊन निघाले. दोनच दिवसांनी त्या कॅसेटवर वाळूजच्या एका आजींचं बोलणं चढलं. आईचा तो आवाज, ते हसू, आता या जगात कुठंही नाही. ते समोर बसून फक्त शहनाजनं ऐकलं आहे.

नियमाप्रमाणे वाचून दाखवायला ती आमच्याकडे आली तेव्हा मी मुद्दाम घरी थांबले. मनाशी म्हटलं, वाचेल तेव्हा भिंतीआडून तरी कानावर पडेल. शहनाजनं कागद काढले. आईनं हात पुढे केला. ‘आण इकडं. वाचते मी.’

तिनं दादांचा चष्मा लावला, कागद उजेडात धरला आणि वाचायला लागली. मनातल्या मनात, ओठ किंचित हलवत, नजर उजवीकडून डावीकडे सरकवत. मधेच बोट ठेवून शहनाजला म्हणाली की इथं तुझा नुक्ता राहिलाय, आणि दोघी हसल्या. मी दारात उभी होते. माझी आई वाचू शकते हेच मला माहीत नव्हतं. घरी येणारं पोस्टकार्डसुद्धा ती माझ्याकडे वाचायला द्यायची, कारण ते मराठीत असायचं. माझ्या जन्माच्या आधीच ती लिपी आमच्या शाळांतून, कचेऱ्यांतून उठून गेली होती. आम्ही नव्या राज्यातल्या शिकलेल्या मुली. आणि आमच्या आयांच्या अक्षरांपुढे ठार अडाणी.

मी काय बोलले ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं की, ‘तू माझी आई आहेस की हिची?’ असं मी विचारलं, आणि एम. ए.ची मुलगी असून रडले. शहनाज उठायला लागली तर आईनं तिला हातानं बसवलं. मला म्हणाली, ‘तोंड धुऊन ये. पेन आण. मी वाचते, तू तुझ्या अक्षरात लिही. तसंही ह्यांना छापायला मराठीतच लागंल.’

आणि मग मी आईचं ऐकलं. आजोबा पैठणच्या तहसिलीत कारकून, तिथं सगळं दप्तर उर्दूत, म्हणून त्यांनी घरीच तिला लिहायला-वाचायला शिकवलं होतं. नदीपलीकडच्या छावणीत सुरुवातीला तिनं खरंच भाकरी थापल्या. पण तिथली मंडळी निजामाच्या पोलिसांची पत्रं, हुकूम, जाहीरनामे पकडून आणायची, आणि ती वाचता येणारी माणसं थोडी. एकदा कुणीतरी कागद उलटा धरून बसलेलं पाहून तिनं चुलीपाशी बसूनच सांगितलं, दादा, ते सुलटं धरा, त्यात उद्याच्या गस्तीचं लिहिलंय. त्या दिवसापासून तिला चुलीपाशी कुणी बसू दिलं नाही. मोठमोठी माणसं येऊन विचारायची, ती वाचणारी मुलगी कुठंय. तिला सायकल शिकवली. ती सायकलवरून निरोप घेऊन जायची. सोळा वर्षांची होती. मग लष्कर आलं, निजाम शरण आला, लोकांनी पेढे वाटले, आणि सगळ्यांना सांगितलं, आता आपापल्या घरी जा. आई घरी आली. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. सासरी तिनं एकदा पुड्याचा उर्दू कागद वाचला तर सासऱ्यांनी बजावलं, ती अक्षरं ह्या घरात नकोत.

इथं आई थांबली. तिनं चष्मा काढला. ‘पुढचं तुझ्याबद्दल आहे. वाचू, का सांगू?’

मी म्हटलं, सांग.

‘लेकीचा हेवा करू नाय म्हणतेत. मी करते. तू संध्याकाळी दादांना ते पेपर वाचतीस ना, तवा माझ्या पोटात तुटतं. तू सायकलवर टांग टाकून निघालीस की मला वाटतं, उतर खाली, ती माझी हाय. मला नदीपल्याडून परत यायचंच नव्हतं, शके. परत आले, म्हणून तू झालीस. आता हे लेकीला तोंडावर कसं सांगावं? हिला सांगता आलं. ही माझी कुणी नाय.’

शहनाज खाली पाहत होती. शेजारचं शिवणयंत्र चालू होतं. मी लिहिलेलं पान माझ्या हाताखाली ओलं झालं होतं, घामानं. मला राग यायला हवा होता; आला नाही. उलट पहिल्यांदा वाटलं की आम्ही दोघी एका रक्ताच्या आहोत. इतके दिवस मी जे गिळत होते, तेच ती माझ्या जन्मापासून गिळत होती, आणि तरी रोज माझ्या डब्यात गरम भाकरी घालत होती.

तिनं पुन्हा चष्मा लावला आणि वाचायला लागली. पैठणला परतल्याचं वर्णन सुरू झालं. नावेतून उतरलो, घाट चढून आलो, गल्लीत शिरलो, असं आलं, आणि एकदम लग्नाच्या मांडवाचं आलं. मी पेन थांबवलं. तिची नजर कागदावरून एकदम खाली उतरली होती, ओळी ओलांडून. मला ते कळलं आणि मला कळलं हे तिला कळलं.

‘मधलं?’ मी विचारलं.

‘मधलं गाळायचं,’ आई म्हणाली. ‘तुमचा नियम हाय ना?’

शहनाजनं तो कागद माझ्यापुढे सरकवला. खोडायचं काम माझं असायचं, कारण मी पट्टी धरून नीट खोडायची. आईनं बोट ठेवून दाखवलं, इथून इथपर्यंत. चार-पाच ओळी असतील. कुणी माणूस असेल त्यात, किंवा परतल्यावर गल्लीत पाहिलेलं काही. लष्कर आल्यानंतरच्या त्या दिवसांत मुसलमान वस्त्यांतून, पैठणातच काय, सगळीकडेच, पाहू नये असं बरंच घडलं होतं. मला वाचता येत नव्हतं. मी पट्टी ठेवली, काळ्या शाईनं एक रेघ ओढली, मग तिच्यावर दुसरी, मग आडव्यावर उभ्या, एकही ठिपका दिसेनासा होईपर्यंत. आई शेवटपर्यंत बघत होती, आणि झाल्यावर म्हणाली, ‘आता आमटीचं बघते,’ आणि उठली.

पुढे त्या सगळ्या मुलाखतींची पुस्तिका छापली गेली. तुमच्या आईकडे तिची प्रत आहे. तुमच्या पणजीचं प्रकरण मधे कुठंतरी आहे आणि मुलाखत घेणारीच्या जागी शहनाजचं नाव आहे, जे बरोबरच आहे. शहनाज अजून छावणीतच राहते. ईदेला मी फोन करते, दिवाळीला ती करते. गुडघे, साखर, सुना, असं आम्ही बोलतो. आई गेल्यावर एकदा मी आडून विचारलं होतं. तिनं मला तिकडे पाऊस कसा आहे विचारलं. मी तिच्या जागी असते तर मीही सांगितलं नसतं. तरी फोन ठेवला की दर वेळी तेच होतं. मी म्हातारी झाले, आई जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तिचं थोडंसं अजून कुणाला तरी तोंडपाठ आहे, आणि ते कुणीतरी मी नाही.